पंधरा किलो

"पंधरा किलो कमी भरतंय," गुणाजी म्हणाला आणि उलट्या डब्यावर मटकन बसला. दीड महिन्याच्या राबण्याने त्याची पाठ कामातून गेली होती.

साकीनाक्याच्या त्याच्या गॅरेजात सहदेवची जुनी फियाट सोललेल्या केळ्यासारखी उभी होती. मागची सीट, बंपर, गालिचा, दारांच्या काचा, स्टेपनी, सगळं निघालं होतं. रविवारी हौशी लोकांची शर्यत होती. गेल्या वर्षी सहदेव एका गाडीच्या अंतराने हरला होता. इंजिनाला हात लावायची नियमात मुभा नव्हती. राहिलं वजन.

"यंदाच काय ते," सहदेव सारखा म्हणायचा. "पुढच्या वर्षाचं बोलू नकोस." घरी विमलावहिनींनी दम भरला असणार, असं गुणाजीने धरलं होतं.

गुणाजीची एक पद्धत होती. गाडी एकटी धावत नाही, तर काट्यावर तरी एकटी का चढेल? टाकीत दर वेळी तेवढंच पेट्रोल, स्टिअरिंगवर सहदेव, आणि मग ट्रकच्या काट्यावर. पहिल्या दिवशी नऊशे साठ भरले, त्यात सहदेवचे पंच्याहत्तर. आज सकाळी आठशे साठ. शंभर किलो उतरले! गुणाजी हरखला. काढलेलं सामान शेजारी शिवदासच्या भंगाराच्या दुकानात ठेवलेलं होतं. तेही हौसेने तोलून घेतलं, तर पंच्याऐंशीच भरलं.

"शिवदास, काय विकलंस रे यातलं?"

"काय बोलतोस? दहा वर्षं शेजारी आहे तुझ्या."

"मग पंधरा किलो उडून गेले?"

शिवदासने ढीग पुन्हा तोलला. पंच्याऐंशी. त्याचा चेहरा पडला. गुणाजीलाही वाईट वाटलं, पण आकडा काही खोटं बोलत नव्हता.

सहदेव गाडीतच मान टाकून बसला होता. हल्ली दोन बोल्ट काढले की तो बसायचा. अंगात दोन शर्ट. "एक काढ, पाव किलो वाचेल," म्हणून गुणाजी त्याला छेडायचा. खांद्यावरचा पट्टाही ढिला पडत होता. पट्टा ताणला गेलाय, म्हणून गुणाजीने तो दोनदा आवळून दिला होता. समोरचा वडापाव एका घासानंतर तसाच पडला होता.

"सोड ना, गुणा," सहदेव म्हणाला.

"कसा सोडू? तुझ्या गाडीचा माल आहे. चोरी ती चोरी. उद्यापासून याच्या दुकानाची पायरी चढणार नाही मी."

शिवदासने डोळे पुसले. सहदेवने ते पाहिलं. मग दाराला धरून हळूहळू उतरला.

"शिवदास, पारडं रिकामं कर."

"कशाला?"

"कर रे."

साखळ्यांना टांगलेल्या त्या मोठ्या लाकडी पारड्यात सहदेव पाय दुमडून बसला. "दुसरीकडे पंच्याहत्तर लाव," तो म्हणाला.

शिवदासने वीस-वीसची तीन मापं ठेवली, मग दहाचं, मग पाचचं. सहदेवचं पारडं वर गेलं ते खाली येईना. शिवदासने पाचचं उचललं. काही फरक नाही. मग दहाचंही उचललं.

दांडी सरळ झाली. दोन्ही मापं त्याने गुणाजीच्या पायाशी ठेवली.