पापणी हलता कामा नये

रघुनाथ मांडवकरांचं पत्र जानेवारीत आलं होतं. २००७चा मे उजाडला तरी दशरथसरांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्र रोह्याहून आलं होतं, जेमतेम एक पान. ‘घर सोडून मला सहा वर्षं झाली. समिधाची आई माझी पत्रं उघडत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. पोटाचं ऑपरेशन पावसाआधी करू म्हणतात. त्याआधी लेकीला एकदा बघावंसं वाटतं. तुमचं ती ऐकते. येईल की नाही, एवढं दोन ओळींत कळवा.’

सरांनी हिशोब मांडला. पावसाआधी म्हणजे जूनपर्यंत. समिधाचा निवड सामना मेच्या दुसऱ्या रविवारी. आत्ता सांगितलं तर पोरगी ढवळून निघेल. सामना झाला की सांगू. त्यांनी पत्र घडी करून पुस्तकात ठेवलं.

ते पुस्तक केंडोचं होतं. केंडो म्हणजे बांबूच्या तलवारींनी खेळायचा जपानी खेळ. हाटकेश भागातल्या सरांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये साईराज तो शिकवायचा. बोटीवर नोकरी करताना जपानच्या बंदरांत तो शिकून आला होता. समिधा एकोणीस वर्षांची, तिसऱ्या मजल्यावरची, त्याची सगळ्यात चपळ विद्यार्थिनी. पण सामन्यात कोणी जोरात ओरडलं तरी ती विचलित व्हायची. म्हणून तिला शांत राहायला शिकवा, अशी साईराजने तळमजल्यावरच्या दशरथसरांना गळ घातली. सर निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी रद्दीवाल्याकडून ते इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि रोज सकाळी ते हॉलमध्ये येऊन बसू लागले.

“सर, तुम्ही झुरळ बघून खुर्चीवर चढता,” साईराज म्हणायचा, “आणि पोरीला शांत राहायला शिकवताय!”

सरांना ते पटायचं. पुस्तकात लढणाऱ्याच्या मनाचे चार रोग दिले होते. दचकणं, भिणं, शंका येणं, गोंधळणं. वाचताना चारही आपलेच वाटायचे.

तरी त्यांनी एक रीत काढली. समिधा खेळताना ते अचानक काहीतरी खोटं ओरडायचे.

“समिधा, तुमच्या घरात पाणी भरलंय!”

तिची मान वळायची. तेवढ्यात साईराजची तलवार तिच्या शिरस्त्राणावर ठप्पकन बसायची.

“सर, खरंच?”

“खोटं. पापणी हलता कामा नये.”

“काय सर! आई नळ चालू ठेवून जाते ना, म्हणून वाटलं.” आणि ती शिरस्त्राणाच्या जाळीआडून खुदकन हसायची.

फेब्रुवारी असाच गेला. सरांच्या आरोळीत कधी तिची परीक्षा पुढे ढकलली जायची, कधी मोबाईल चोरीला जायचा. समिधा दर वेळी फसायची, मार खायची आणि हसायची.

शिमग्याला ती आईबरोबर गुहागरकडच्या गावी गेली, काकांकडे. वडील त्या गावाकडे कधी फिरकत नसत, म्हणून सर निर्धास्त होते. पंधरा दिवसांनी ती परत आली.

“काय गं, पालखी नाचवली की नाही?” साईराजने विचारलं.

“यंदा आमच्या दारात पालखी आली नाही,” ती म्हणाली आणि शिरस्त्राणाच्या दोऱ्या आवळू लागली.

सर जवळच्याच खारी गावचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. कोकणात पालखी कुठल्या दारात जात नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाऊबंदांत काही बिनसलं असेल, असं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून समिधा बदलली. सर ओरडले, “आग लागली!” तिने वार केला. सर ओरडले, “आई पडली!” तिने वार केला. मान वळत नव्हती. खोटं होतं हे कळल्यावर ती हसतही नव्हती.

एप्रिलमध्ये सरांनी शेवटची परीक्षा घेतली. आदली रात्र त्यांनी, ओरडावं की नाही, या विचारात घालवली होती.

“समिधा, तुझे बाबा आलेत! दारात उभेत!”

तिचं पाऊल पुढे पडलं, तलवार सरळ खाली आली. साईराजला हात उचलायलाही वेळ मिळाला नाही. मग ती नियमाप्रमाणे वळली आणि तलवार रोखून उभी राहिली.

“सर, हे जास्त झालं हां,” साईराज हळूच म्हणाला.

सरांना लाज वाटली. पण घरी जाऊन त्यांनी वहीत लिहिलं : ‘आज पापणीही हलली नाही. रीत लागू पडली.’ आयुष्यात आपल्या हातून काही नीट झालं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

निवड सामन्यात शेवटच्या फेरीत समोरच्या मुलीचा वार आधी लागला. आनंदाने तिने मूठ वर केली. केंडोत असा आनंद दाखवला की गुण रद्द होतो. पंचांनी तो रद्द केला. पुढच्याच क्षणी समिधाचा वार बसला. सगळा हॉल उठून उभा राहिला. समिधा वाकली, मागे सरली, शिरस्त्राण काढून गुडघ्यांवर बसली.

“अगं, आता तरी हस!” साईराज म्हणाला. “दिल्लीला जायचंय!”

“हो,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सरांनी उत्तर लिहिलं. ‘उशीर झाला, माफ करा. समिधाची दिल्लीच्या स्पर्धेसाठी निवड झाली. येत्या रविवारी तिला घेऊन येतो.’ पाकिटावर पत्ता घातला : श्री. रघुनाथ धाकू मांडवकर, रोहा. मग कॉलेजला निघालेल्या समिधाबरोबर ते पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेले. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

पेटीजवळ त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं, नाव वर येईल असं. “जानेवारीत त्यांचं पत्र आलं होतं,” ते म्हणाले. “तुला भेटायचं म्हणत होते. सामना होऊ दे म्हटलं. चुकलं का माझं?”

समिधाने नाव वाचलं. पापणी हलली नाही. सरांचा जीव भांड्यात पडला.

“जानेवारीत?”

“हो.”

“पेन आहे, सर?”

त्यांनी खिशातलं पेन दिलं. “पिनकोड राहिला का?”

“नाही. पत्ता बरोबर आहे.”

तिने पाकीट पेटीवर टेकवलं, नावाआधीच्या ‘श्री.’वर एक सरळ रेघ मारली, वर सुवाच्य अक्षरात ‘कै.’ लिहिलं आणि पाकीट पेटीत टाकलं.