आपोआप उघडणारं दार

पालीच्या खोतांनी मोटारीच्या खोलीला मुंबईहून आपोआप उघडणारं दार आणवलं. पुढ्यातल्या फळीवर मोटारीचं चाक चढलं की दार वर जाई. "महिप्या, आता तुझं काय काम? नीघ!" म्हणत त्यांनी दार उघडणाऱ्या महिपतच्या पोटावर पाय दिला.

पावसाळ्यात यंत्र गंजलं. मोटार भिजत उभी. "कुजू दे मेली," महिपत मनात म्हणाला. तेल पाजून झालं, दार ढिम्म! वाडीत देवाला गाऱ्हाणं घालणारा महिपतच, म्हणून शेवटी खोतांनी त्यालाच बोलावलं. नारळ घेऊन तो फळीवर उभा राहिला, भोवती तिच्यावरच दाटीवाटीनं सारी वाडी.

"दाराला कुनाची नजर लागली असंल, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढ्या माणसांच्या भारानं फळी दबली आणि दार धाडकन वर गेलं. खोतांनी देवाला हात जोडले.



आता मोटार आत घ्यायची झाली की महिपत गाऱ्हाणं घालतो, पगारी. आणि भोवती उभं राहून 'व्हय म्हाराजा' म्हणायला दहा गडी, तेही पगारी!