अर्धा मोडेम

"डायल टोन नाही म्हणतोय," मास्तर म्हणाले.

तिने डोळे उघडले. दुपारची झोप नुकती कुठे उतरत होती. समोर नवरा उभा, गळ्यात मापाची टेप, आणि लॅपटॉप असा दोन्ही हातांवर धरलेला, जणू आजारी मांजर.

"परत?"

"परत. आणि मी हातसुद्धा लावलेला नाही."

पंधरा दिवसांतला हा सहावा बिघाड. लॅपटॉप जुना होता, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून मुलीने दुसऱ्या शहरातून पाठवला होता. घरात इंटरनेटची दुसरी सोय नव्हती. फोनच्या तारेवरून मोडेम लावायचा, मुलीची पत्रं उतरवून घ्यायची, आपली पाठवायची आणि लाइन सोडायची.

तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली त्याला चार महिने झाले होते. त्याआधी सोळा वर्षं तिने एका इस्पितळाची संगणक खोली एकटीने सांभाळली होती. उजवा हात बराचसा परत आला. शब्द आले नाहीत. वस्तू डोक्यात स्वच्छ दिसायची, नाव जिभेपर्यंत यायचं आणि उंबऱ्यावरून माघारी जायचं. वाचाउपचाराच्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते. कुलूप, चमचा, छत्री. पाचव्या दिवशी तिने ते खिडकीतून भिरकावले. "बालवाडी," एवढंच बोलली आणि मग तोंडच मिटून घेतलं. मास्तरांनी रस्त्यावरून पत्ते गोळा करून आणले, पण पुन्हा तिच्यासमोर ठेवले नाहीत.

मोडेमचं मात्र तिला बघावंच लागे. शिंप्याच्या हाती लॅपटॉप देणं म्हणजे आनंदच होता.

मास्तरांनी शिवणाच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून लॅपटॉप ठेवला.

"आधी ते... ते बघा," ती म्हणाली.

"काय बघू?"

"भिंतीतलं. ते..."

मास्तर थांबले. एरवी गिऱ्हाइकाचं वाक्य अर्ध्यावर तोडून पुरं करणारा हा माणूस, तिच्यापुढे अलीकडे खांबासारखा उभा राही. तिच्या कपाळाची शीर तडतडली.

"तार! फोनची तार! नीट बसलीय का?"

"बसलीय."

"फोन उचला. आवाज येतो?"

मास्तरांनी रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. गुणगुण चालू होती.

"मग टोन आहे की."

"पण हा नाही म्हणतोय."

"कारण हा अर्धा आहे."

"अर्धा म्हणजे?"

हे तिने त्यांना दोनदा समजावलं होतं. "पूर्ण मोडेम असतो तो... सगळं स्वतः करतो. ह्याच्यात नुसती चिप. बाकीचं काम सॉफ्टवेअरचं. त्याला चालवणारा प्रोग्राम लागतो, ड्रायव्हर."

"म्हणजे कापून ठेवलंय, शिवायचं राहिलंय."

ती हसली. ओठाचा उजवा कोपरा जरा उशिराने हसला.

मग ती कामाला लागली. लॅपटॉपला चिप दिसत होती. मागच्या आठवड्यात ड्रायव्हरच गायब होता, आज तो जागेवर होता. परवा मोडेमचं नाव भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवत होतं, तेही आज ठीक होतं. तिने सेटिंगची फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा. एक्स चार."

"त्यात काय वाईट?"

"चार म्हणजे टोन ऐकल्याशिवाय डायल करू नकोस. आपल्या एक्सचेंजचा टोन ह्याला ओळखता येत नाही. म्हणून मी तिथे तीन केलं होतं. तीन म्हणजे वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव." ती थबकली. "मग चार कोणी केलं?"

"माझ्याकडे काय बघतेस? मला बटणं लावता येतात, ती शर्टाला."

"खोटं बोलू नका! सकाळी मी उठायच्या आधी बसता इथे, दोन बोटांनी टकटक करत. मला ऐकू येतं! जे कळत नाही त्यात हात कशाला घालता? आणि निस्तरायचं कोणी? मीच?"

मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. इतके मुकाट्याने, की शेवटी तिलाच कसंसं झालं.

तिने चारचं तीन केलं. मोडेमने नंबर फिरवला, किंचाळला, खरखरला आणि गप्प झाला. लागला होता. तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली. "आलो," म्हणत मास्तर जिना उतरून दुकानात गेले.

एरवी एवढं झालं की ती थकून आडवी व्हायची. आज तशीच बसून राहिली. पडद्यावर एक पत्र उतरलं. मुलीचं होतं. दोघांना असेल म्हणून तिने उघडलं.

'बाबा, आईची सोमवारची बावीस वाक्यं, बुधवारची एकतीस. फोनवर वाचाउपचाराच्या बाईंना सांगितलं, त्यांचा विश्वासच बसेना. एक्स चार आईने शोधलं असेल तर पुढच्या बिघाडासाठी खालच्या दोन ओळी जशाच्या तशा टाका, ती उठायच्या आत. शब्द अडला तर पुरवू नका, कितीही जिवावर आलं तरी. आणि रागावली तर ऐकून घ्या. रागावल्यावर ती एकदाही अडखळत नाही, हे तुम्हीच लिहिलंत ना?'

जिन्यावर पावलं वाजली. तिने डोळे पदराने घाईघाईने टिपले आणि पत्रावर पुन्हा 'न वाचलेलं' अशी खूण केली.

"लागला का गं?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

"लागला," ती म्हणाली. "पण उद्याचा काही भरवसा नाही हं."