शांततेची पाटी

सोलेनच्या बावीस वर्षांच्या गोल्फ कारकिर्दीतला हा शेवटचा फटका होता. चेंडू भोकापासून जेमतेम दोन हातांवर. स्वयंसेवकांनी शांततेच्या पाट्या उंच धरल्या आणि ब्रिटनी प्रांतातल्या त्या समुद्राकाठच्या मैदानावर अख्खं गाव श्वास रोखून उभं राहिलं. तरीही ती तिसऱ्यांदा चेंडूपासून मागे सरली.

"आता काय झालं, बाईसाहेब?" तिची बॅग वाहणारा एर्वान कुजबुजला. "एवढी शांतता तर आपल्या चर्चमध्येही नसते."

याच मैदानावर, पहिल्या मोठ्या स्पर्धेत, अशाच शेवटच्या फटक्याला आई खोकली होती. तीस वर्षं बेकरीत राबून छातीत बसलेल्या पिठाचा खोकला. चेंडू भोकाच्या कडेवरून निसटला, हाताशी आलेला चषकही गेला. सोलेन सगळ्यांदेखत ओरडली होती, "एक मिनिट दाबता येत नाही तुला? उद्यापासून येऊ नकोस!"

आई येत राहिली, फक्त गाडीतून उतरेनाशी झाली. काचा घट्ट लावून मैदानाबाहेर बसायची. लेक जिंकली की हरली, ते तिला टाळ्यांवरून कळायचं. गेल्या हिवाळ्यात ती वारली, तोवर तिने एकही स्पर्धा चुकवली नाही.

सोलेन पुन्हा चेंडूवर वाकली आणि पुन्हा ताठ झाली. एर्वानने चिडून गर्दीकडे पाहिलं.

"कोणी खोकलं का?"

"नाही ना रे," सोलेन म्हणाली.