एक्केचाळिसावी फुली

तोडायच्या चाळीस झाडांवर वाल्दिरने काल स्वतःच्या हाताने लाल फुल्या मारल्या होत्या. आज करवतवाले पोचायच्या आधी त्याने त्या पुन्हा मोजल्या, तर एक्केचाळीस!

"एउलालियामावशी, हा चावटपणा कुणाचा?"

रबराच्या झाडांचा चीक काढण्यात जन्म गेलेली एउलालिया कौतुकाने हसली. "आमच्या काडीकिड्याचा. ताडाएवढा आहे मेला! जिथे उभा राहील तिथलंच झाड होतो. साल म्हणू नकोस, शेवाळ म्हणू नकोस, सगळं हुबेहूब. काल तू फुल्या मारल्यास, त्यानेही अंगावर एक उमटवून घेतली. रंगाचे ओघळसुद्धा तुझ्यासारखेच सोडलेत बघ."

वाल्दिर जवळच्या खोडापासून दोन पावलं मागे सरला. नदीपलीकडे करवतवाल्यांच्या ज्या टोळीने चुकून त्या किड्यावर करवत चालवली होती, तिची फक्त हेल्मेटं सापडली होती.

"मावशी, तो यातला कुठला, तेवढं दाखव. तेवढा सोडून बाकीची तोडतो."

एउलालियाने शेजारच्या खोडावरून मायेने हात फिरवला.

"कुणाला ओळखता आला असता, तर हे जंगल आजवर उरलं असतं का रे?"