बाहेर नेण्यास मनाई

खोडरबर घेऊन मी वाचनालयाच्या पायरीवरच बसलो. दारावर पाटी होती, 'लिहिलेली, रेघा मारलेली पुस्तके देणगीत स्वीकारली जाणार नाहीत.' आणि माझ्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या समासांत चाळीस वर्षांच्या पेन्सिलीच्या नोंदी होत्या. तशाही त्या कोण वाचणार होतं?

उघडलं ते नेमकं 'व्हॅल्यू'चं पान. गणितात क्षची किंमत, चित्रात रंगाचा गडदपणा, माणसात त्याची तत्त्वं. अर्धा समास पुसून झाला आणि ग्रंथपालबाई बाहेर आल्या.

"अहो आजोबा, हे काय करताय?"

"साफ करतोय. विशेष काही नाही त्यात."

त्यांनी कोश ओढूनच घेतला आणि उरलेली नोंद मोठ्यानं वाचली, "'सौ. म्हणते, तुम्हाला माझी काही व्हॅल्यूच नाही. हा वापर कोशात सापडला नाही, घरात मात्र रोज ऐकतो.'" मग त्या इतक्या हसल्या की आत पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

खोडरबर जप्त झाला. टेबलापाशी जाऊन त्यांनी कोशावर शिक्का उमटवला: 'संदर्भ विभाग. बाहेर नेण्यास मनाई.'

"हा शिक्का आम्ही दुर्मिळ पुस्तकांवरच मारतो," त्या म्हणाल्या.

मी चाचरत विचारलं, "मग मला एखादा शब्द बघायचा असला तर?"

"इथं येऊन बसायचं. उद्याच या. पुसलेलं सगळं परत लिहायचंय तुम्हाला."

एवढं बोलून त्यांनी ड्रॉवरमधून एक नवी पेन्सिल काढली आणि माझ्यासाठी टोक करायला घेतली.