वांगं म्हणजे वांगंच

"फिजिक्स म्हणजे फिजिक्स," दौलतरावांनी निकाल देऊन टाकला. "वांगं भरलं काय अन् भाजलं काय, वांगंच राह्यते. वाशीमच्या कॉलेजात मिळून राह्यलं ना? मग पुण्याले कायले मरायचं?"

सुचिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अकोल्याहून ती दोन दिवसांसाठी शिरपूरला आली होती, ती याच भांडणाच्या तयारीनं. नंबर दोन्हीकडे लागला होता. वाशीमला साधं फिजिक्स, पुण्याला ॲस्ट्रोफिजिक्स. उद्या संध्याकाळपर्यंत एक पक्कं करायचं होतं. दुसरं हातचं जाणार होतं.

"बाबा, तिकडं तारे शिकवतात. कसे जन्मतात, कसे विझतात. वाशीमले ते नाही."

"तारे आपल्या वावरातूनबी दिसतात," आजी हौसाबाई म्हणाली. "फुकटात."

ओसरीवर सुचिताची आई, राधिकाबाई, मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. सुचिताला तारे ओळखायला शिकवलं ते त्यांनीच, पहाटे बाजारासाठी मेथी उपटताना. आज मात्र त्यांची मान खाली होती आणि हात सुतळीवर चालत होते.

"वाशीमची बस सकाळी जाते, दुपारी येते," दौलतराव म्हणाले. "घरचं कामबी होते. पुण्याले गेल्यावर जुड्या कोण बांधीन? सैपाक कोण करीन?"

म्हणजे असं होतं तर! तारे गेले चुलीत, बाबांना चिंता जुड्यांची. घरात माणूस ठेवलाय की सालदार? अहो, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालगडीसुद्धा पाडव्याला मोकळा होतो. इथे तेवढीही सोय नव्हती.

"अन् लोक काय म्हणतीन?" हौसाबाईनं री ओढली. "बाईच्या जातीनं एकटं राह्याचं इतक्या दूर?"

"मुकेशदादाले नाशिकले धाडलं, तवा इचारलं होतं लोकाईले?"

मुकेश सुचिताचा मोठा भाऊ. गावातलं सेतू केंद्र तोच चालवायचा आणि दोन्ही फॉर्म त्यानंच भरले होते. आपलं नाव निघताच त्यानं डोकं खाजवलं.

"बाबा, अजून एक भानगड आहे. बारावीच्या मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरंच. पुण्यावाले म्हणतात, उद्याच्या उद्या तहसीलातून प्रतिज्ञापत्र आणा."

दौलतरावांना आयतंच निमित्त मिळालं. "बस! जिथं नावाचाच घोळ, तिथं पुणं कायचं? मी नाही मारत तहसीलच्या चकरा."

"तासाभरापासून तुमीच बोलून राह्यले!" सुचिता कडाडली. "जिले शिकायचं, तिले कोणी एका शब्दानं तरी इचारलं?"

मुकेशनं मोबाईलमध्ये डोकं घातलं. हौसाबाई सुपारी कातरू लागली.

राधिकाबाईंनी शेवटची जुडी करकचून बांधली, टोपलीत टाकली, पदराला हात पुसले आणि नवऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'राधिका' तुमीच लिवलं होतं, मले न इचारता. त्याच्या आधी मी चतुरा होती. तहसीलले तुमीच जा. अन् मुकेश, माहा पुण्याचा फॉर्म पक्का कर."